झिरियाच्या वरची जमीन

रायपूरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही राहत होतो तेव्हा नळाला सकाळी तासभर पाणी यायचं. रोजचं धुणं त्यात उरकायचं, पण गोधड्या काही त्यात धुऊन होत नसत. म्हणून दिवाळीच्या आधी एखाद्या रविवारी बाबा सायकल रिक्षा ठरवायचे. आई आणि ताई गोधड्यांच्या ढिगावर बसायच्या, मी बाबांच्या सायकलच्या दांडीवर. शहर संपलं की दोन्ही बाजूंना धानाची शेतं लागत. त्यानंतर एक लहानसं गाव होतं. गावाला तरिया होता. आपण तलाव म्हणतो, तिकडे तरिया म्हणतात.

तरियाच्या एका अंगाला जमीन हळूहळू चढत जायची. तांबडी, मुरमाड, गवताशिवाय फारसं काही न उगवणारी. तिला गावचे लोक भाटा म्हणत. हा चढ जिथे सुरू व्हायचा तिथे अर्जुनाचं एक जुनं झाड होतं. तिकडच्या भाषेत कऊहा. त्याच्या मुळांशी दोन दगडांच्या मधून पाणी झिरपत असे. धार नव्हेच ती, नुसता ओलावा साचून परातीएवढा खळगा भरायचा आणि मग ते पाणी एका चरातून तरियाकडे जायचं. हा झिरिया. उन्हाळ्यातही तो आटत नाही, असं गावात सांगत.

आम्ही पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. गोधड्या तरियाच्या घाटावर भिजवून आई पाणी प्यायला झिरियापाशी आली आणि खळग्यापासून चार हात लांबच थांबली. शेजारी एक बाई आपल्या बारीतली, म्हणजे परसबागेतली, लाल भाजी खुडत होती. आईच्याच वयाची असेल. आईनं तिला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "बाई, हम पानी ले सकते क्या?"

त्या बाईला प्रश्नच कळला नाही. ती हसली आणि म्हणाली, "पी ले दीदी, झिरिया काकरो नोहय."

म्हणजे, झिरा काही कुणाच्या मालकीचा नसतो.

आई वाकली आणि दोन्ही हातांची ओंजळ करून प्यायली. एकदा, दोनदा, तीनदा. मग तशीच दगडावर बसून राहिली. बाबांनी दोनदा हाक मारली तरी उठली नाही.

त्यामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. आईचं माहेर वऱ्हाडातलं. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नसे. आई आणि तिची आई घागरी घेऊन खालच्या पायरीपाशी उभ्या राहायच्या. वर पाणी भरणाऱ्यांपैकी कुणाला वाटलं तर तो वरून ओतायचा. नाही वाटलं तर दुपारपर्यंत उभं राहायचं. आईनं हे ताईला एकदाच सांगितलं होतं, तेही गोधडीला टाके घालता घालता, मान वर न करता. मला ताईकडून कळलं.

भाजी खुडणाऱ्या त्या बाईला आम्ही काकी म्हणू लागलो. दरवर्षी दिवाळीच्या आधी तिची गाठ पडायची. गोधड्या वाळेपर्यंत आम्ही कऊहाच्या सावलीत भाकरी आणि झुणका खायचो. काकी तिच्या बारीतल्या मिरच्या आणून द्यायची. परतताना बाबा गोल बाजारातून गरम जिलेबी घ्यायचे आणि त्या उन्हात वाळलेल्या गोधड्यांवर पडून मी रिक्षातच झोपायचो. त्या पाण्याला चुन्याची किंचित चव होती. आजही कुठे चुनखडीचं पाणी प्यायलो की माझी जीभ एकदम आठ वर्षांची होते.

एकदा मी झाडाच्या वरच्या अंगाला काठीनं तांबडे खडे उकरत बसलो होतो. काकी बारीतून धावतच आली.

"ए बाबू! रुख के ऊपर झन खन!"

मी घाबरून काठी टाकली. तिनं उकरलेली माती पायानं पुन्हा लोटली आणि माझ्या शेजारी बसून समजावून सांगितलं. झाडाच्या वर कुणी खणायचं नाही, मुरूम काढायचा नाही, घर बांधायचं नाही, परसाकडलाही तिकडे जायचं नाही. गुरं चरली तर चालेल. तिच्या सासऱ्यानं तिला असं सांगितलं होतं, आणि सासऱ्याला आणखी कुणी. कारण काय, तर वरची जमीन पावसाचं पाणी पिते, तेव्हाच ते खाली झिरपतं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण भाट्यावर एक खड्डा मला कधी दिसला नाही.

पुढे मी ड्राफ्ट्समन झालो. नगर नियोजनाच्या ऑफिसात नकाशे काढणं हेच माझं आयुष्यभराचं काम. सुरुवातीची वर्षं ट्रेसिंग पेपर आणि शाईच्या पेनांची. रेष चुकली तर ब्लेडनं हलकेच खरडून काढायची, कागदाला भोक पडू न देता. प्रती काढायच्या खोलीत अमोनियाचा वास इतका भरलेला असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. नंतर कॉम्प्युटर आले, वास गेला. मला तो वासही अधूनमधून आठवतो.

ताई शिक्षिका झाली. आई गेली तेव्हा माझं शिक्षण अजून चालू होतं. ताईनं लग्न केलं नाही. मला आणि बाबांना तिनं सांभाळलं. माझं लग्न तिनं ठरवलं, माझ्या मुलीला पाढे तिनं शिकवले. ताईनं मराठीत विचारलं तरी मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, आणि ताई तेही चालवून घ्यायची. माझ्या आयुष्यात ताईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

शहर वाढत गेलं. धानाची शेतं गेली, गाव वॉर्ड झालं. माझ्या निवृत्तीला चार-पाच वर्षं उरली असताना ताईनं तिथे प्लॉट घ्यायचं ठरवलं.

"आईची जागा हाय रे ते," ती म्हणाली. "म्हातारपणी तिथंच राहीन मी."

प्लॉट बघायला मी तिच्याबरोबर गेलो. दलाल चुन्याच्या रेघा दाखवत होता. भाट्यावर वीसेक प्लॉट पाडले होते. ताईचा त्यातला सगळ्यात खालचा, पण कऊहाच्या वर, शंभरेक पावलांवर. मला काकीचं बोलणं आठवलं. नकाशे काढण्यात माझी हयात चालली होती. वरची जमीन पाणी पिते म्हणजे काय, हे तोवर मला पुस्तकातूनही कळलं होतं. पण ताईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मोडायचं धाडस मला झालं नाही. मी बोललो नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

ताईनं दोन खोल्यांचं घर बांधलं. नळ अजून आला नव्हता. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. पासष्टीला टेकलेली ताई गुडघे धरत धरत बादल्या भरायची. शेजाऱ्यांनी बोर घेतले. ताईही बोर घ्यायचं म्हणू लागली.

त्याच सुमारास शहराच्या नव्या विकास योजनेचा मसुदा तयार होत होता आणि पाण्याच्या जागा नकाशावर दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तलावांना निळा रंग होता, नाल्यांना निळी रेष होती. झिरियाला खूणच नव्हती. मी साहेबांना जाऊन सांगितलं. साहेब नवे होते, पण ऐकून घेणारे होते. भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका तरुण बाईंना त्यांनी माझ्याबरोबर पाहणीला पाठवलं.

त्या बाईंनी दोन दिवस भाटा पायी तुडवला, विहिरींत फीत सोडून पाणी मोजलं. मग त्या कऊहापाशी आल्या. तिथे काकी बसलेली होती. पार वाकलेली, डोळ्याला कमी दिसणारी, पण बारीत अजून चार वाफे राखून होती.

बाई मला म्हणाल्या, "नुसता तरियाचा काठ राखून काही होणार नाही. पाणी जिथून जमिनीत शिरतं ती जागा राखायला हवी. खाली चुनखडी आहे, तिला भेगा आहेत. वर बोर पडले की या भेगांतलं पाणी तिकडे वळतं."

काकीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "हव, ओइच तो." हो, तेच तर. मग मला विचारलं, एवढं कळायला दोन दिवस कशाला लागले?

नियमाचा मसुदा झाला. झाडाच्या वरच्या भागात नवा बोर नाही, तळघर नाही, मुरूम काढायचा नाही. प्लॉटचा अर्धा भाग मातीचाच ठेवायचा, फरशी घालायची नाही. सांडपाणी जमिनीत सोडायचं नाही. काकीच्या सासऱ्याचं बोलणंच सरकारी भाषेत आलं होतं. रेष मी काढली. ताईचं घर रेषेच्या आत आलं.

मी साहेबांना सांगितलं, "सर, यात माझ्या बहिणीचं घर आहे."

साहेब म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मग रेष दुसऱ्या कुणाकडून तपासून घेऊ." त्यांनी ती तपासून घेतली. रेष बरोबर होती.

मसुदा अजून जाहीर व्हायचा होता. ऑफिसातलं बाहेर सांगायचं नसतं, पण बोर घेऊ नकोस एवढं तरी ताईला सांगायचंच, असं ठरवून रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात टँकरची वाट बघत बसली होती. बादल्या ओळीनं मांडलेल्या. मी बोर नको म्हणालो आणि नकाशात बंदीची रेष निघाली आहे हे तिनं लगेच ओळखलं.

"काहून रे, रेष काढतांनी तुले माहं घर नाही दिसलं?"

"दिसलं. म्हणूनच आलो."

"गुडघे गेले माहे. रोज त्या टँकरची वाट पाहून राहिली मी. अन् तू मले सांगतं का बोर नको घेऊ?"

"नळ येईन, ताई."

"कधी येईन? मी मेल्यावर?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "थोडी सरकव ना रेष. शंभर पावलं तं हाय."

"तुह्यासाठी सरकवली तं बाकीच्याईले काय सांगू?"

ती उठली. बादलीला धरून उभी राहिली. "प्लॉट घेतांनी तू संग होता माह्या. तवा काहून नाही बोलला?"

टँकर आला, मी तिच्या बादल्या भरून दिल्या. तिनं मला चहासुद्धा विचारला नाही.

पुढच्या पंधरवड्यात तिनं बोर घेतला. मला कळवलं नाही. माझ्या मुलीनं सांगितलं, "पापा, बुआ के यहाँ गाड़ी आई थी." मी गेलो तेव्हा गाडी निघून गेली होती. सगळं अंगण चुनखडीच्या पांढऱ्या भुकटीनं माखलं होतं. तुळशीसारखी जपलेली तिची मोगऱ्याची कुंडीही पांढरी झाली होती. ताई दारात आली, मला बघितलं आणि आत गेली.

त्या वर्षी चौदा एप्रिलला विहारात आमची सगळी मंडळी जमली. दरवर्षी ताई आणि मी शेजारी बसायचो. त्या दिवशी ती बायकांच्या ओळीत पार पुढे जाऊन बसली. माझ्या बायकोशी बोलली, मुलीला खाऊ दिला. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. साठीला आलेला माणूस मी, पण वंदना चालू असताना मला रडू फुटेल की काय असं वाटत होतं.

मे महिन्यात एका दुपारी ताईचा फोन आला.

"ये," एवढंच म्हणाली.

भर उन्हात स्कूटर काढून मी गेलो. ताई पायरीवर बसली होती. दार उघडं, डोक्यावर पदर नाही, ऊन अंगावर येतंय याचंही तिला भान नव्हतं. मी शेजारी बसलो. मग तिनं सांगितलं.

सकाळी काकी आली होती. बरोबर तिची सून नव्हती, कुणी नव्हतं. एकटी, काखेत रिकामा हंडा घेऊन, शंभर पावलांचा चढ चढून. फाटकाबाहेर उभी राहून म्हणाली, "झिरिया सुखागे, दीदी. एक हौंला पानी मिलही का?"

"मी म्हटलं आत ये," ताई सांगत होती. "आली नाही. हंडा खाली ठेवला अन् उभी राहिली. मी मोटर लावली. नळी आणली, फाटकावरून धरली. पाणी पडून राहिलं होतं तिच्या हंड्यात, अन् एकदम मले दिसलं रे... मी वरून ओतून राहिली. अन् ती खाली उभी हाय."

ती रडत नव्हती. हाताची बोटं एकमेकांत घट्ट धरून बसली होती.

"आईनं आपल्याले ह्याच्यासाठी आणलं होतं का इथं?"

मी तिला म्हणालो की, एकट्या तुझ्या बोरमुळे झिरिया आटला असं कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही. वर सात-आठ बोर होते, पाऊसही आधीच्या वर्षी कमी झाला होता. त्या भूजलवाल्या बाईही असंच म्हणाल्या असत्या. ताईनं मान हलवली.

"बाकीच्याईचं मले नको सांगू. माह्या बोरचं सांग. तो बंद कसा करतात?"

आम्ही दोघं उठून झिरियापाशी गेलो. खळगा कोरडा होता. त्यात वाळलेली पानं पडली होती आणि एक मुंगळा त्यातून फिरत होता. इतक्या वर्षांत त्या खळग्याचा तळ मी पहिल्यांदा पाहिला. काकी बारीत नव्हती. वाफेही सुकले होते.

जूनमध्ये हरकतींची सुनावणी झाली. प्लॉटवाले पुष्कळ आले होते. आमची जमीन, आमचा हक्क, असा एकच गलका चालला होता. ताईनं लेखी हरकत दिली होती, पण तिचं नाव पुकारल्यावर ती कागद न बघता बोलली. वर्गात बोलायची तशी, हिंदीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मी भिंतीपाशी नकाशा धरून उभा होतो.

तिनं सांगितलं की तिचा बोर तिनं बंद केला आहे. मोटर काढली, तोंडाला लोखंडी झाकण बसवलं. नियम तिला मान्य आहे, तिच्या घरासकट. पण नियमात एक खोट आहे. "आप कह रहे हैं, ज़मीन से पानी मत लो. ठीक है. तो पहले नल दीजिए. प्यासे आदमी को नियम मत सुनाइए." बोर बंद ठेवणाऱ्यांना पाणी कुठून मिळणार हे नियमातच लिहिलं पाहिजे, नाहीतर लोक तो चोरून मोडतील आणि मोडणारे वाईटही नसतील. "मैं भी बुरी नहीं थी," ती म्हणाली.

गलका थांबला होता. साहेब लिहून घेत होते.

नकाशे काढणारे आम्ही. पाण्याची वाट कुठून कुठे जाते ते पाहिलं, पण बादल्या मांडून बसलेल्या बाईकडे पाहिलं नाही. मी तर तिच्या बादल्या भरूनही दिल्या होत्या, आणि तरीही मला ते सुचलं नव्हतं.

अंतिम योजनेत तिची सूचना आली. राखीव पट्ट्यातल्या घरांना पाइपलाइन आधी, हे कलम त्यात घातलं गेलं. रेष मात्र थोडी खाली आली. वरच्या टोकाचे पाच-सहा प्लॉट वगळले गेले. कुणाच्या सांगण्यावरून ते मला माहीत नाही. मला जेवढी हवी होती तेवढी जमीन वाचली नाही, पण बरीच वाचली. नळ यायला आणखी वर्ष लागलं. ते वर्ष ताईनं टँकरवर काढलं. मी रोज ऑफिसला जायच्या आधी तिच्याकडे जाऊन पाणी भरायचो. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते त्या बादल्यांवरून. आधी नुसतं "ती निळी भर, ती फुटकी हाय", मग हळूहळू सगळंच.

पहिल्या पावसाळ्यानंतर झिरियाला नुसता ओलावा आला. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला खळग्यात पाणी दिसलं. परातभर नाही, वाटीभर असेल. ताई काकीला हाताला धरून घेऊन आली. काकीला दिसत नव्हतं. तिनं हात घालून पाहिला.

"थोरकिन आय हे," ती म्हणाली. थोडं आलं आहे. मग ताईच्या हातावर ओला हात पुसला आणि हसली.

त्या थंडीत काकी गेली. ताई तेरा दिवस तिच्या सुनेकडे जाऊन बसत होती.

आता मीही निवृत्त आहे. झिरिया अजून पूर्वीसारखा नाही. उन्हाळ्यात आटतो, पावसाळ्यात भरतो. पट्ट्यातल्या सगळ्यांनी नियम पाळला असंही नाही. दोघांनी अंगणभर फरशी घातली, एकानं बोर घेऊन त्यावर कुंड्या मांडल्या आहेत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ताई सत्तरीपार गेली. कुठे नव्या घराचा पाया आखलेला दिसला की ती काठी टेकत तिथे जाते. पिशवीत नियमाची प्रत असते. मालकाला बसवून ती समजावून सांगते, शाळेतल्यासारखं. कुणी चहा देतं, कुणी फाटक लावून घेतं.

गेल्या आठवड्यात तिनं फोन करून सांगितलं की कोपऱ्यावरच्या नव्या बिऱ्हाडानं अंगणात फरशी घालायचं रद्द केलं आणि तिथे मुनगा, म्हणजे शेवगा, लावला आहे.

"अन् ऐक," ती म्हणाली, "ते प्रत फाटून राहिली घडीवर. येतांनी दुसरी काढून आण. मोठ्या अक्षरात आण, मले वाचाले त्रास होते."